कलेजी, मुंग्या आणि मिथाइलचा सापळा

भाचा जिमला जातो. मागच्या महिन्यात त्याच्या बॅगेत वाळवलेल्या कलेजीच्या कॅप्सूलचा डबा निघाला. बहीण, म्हणजे त्याची आई, मला विचारते, "माझं लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी जरा वाढलंय, मी पण घेऊ का? लिव्हरचंच औषध आहे ना?"

लिव्हरचं नव्हे गं, लिव्हरपासून केलेलं. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, त्याच जातीचा हा तर्क. कलेजी खाऊन यकृत दुरुस्त होत असतं तर खाटकाला कधी कावीळ झाली नसती.

कलेजी औषध म्हणून आली ती रक्तासाठी. पर्निशियस ॲनिमिया हा रक्तक्षय त्या काळी जीवघेणा होता. 1926 साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रोग्यांना रोज साधारण अर्धा पौंड कलेजी खायला घातली आणि रोगी उठून बसले. प्रेरणा संशोधक व्हिपल यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांची. गंमत अशी, की व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना रक्तक्षय आणला होता, म्हणजे तिथे कलेजीतलं लोह कामाला आलं. माणसांना तारलं ते ब-12 ने. चुकीच्या वाटेने बरोबर घरी पोचले. 1934 चं नोबेल तिघांना मिळालं.

पण अर्धा पौंडच का? ब-12 शोषायला जठरातून स्रवणारं एक प्रथिन लागतं, इन्ट्रिन्सिक फॅक्टर. या रोग्यांच्यात तेच नसतं. त्याच्याविना आतड्यातून जेमतेम एक टक्का ब-12 झिरपतं. अर्धा पौंड बीफ कलेजीत दीडशे मायक्रोग्रॅमच्या वर ब-12 असतं, त्याचा एक टक्का म्हणजे दीड-दोन मायक्रोग्रॅम, आणि दिवसाची गरज दोन-अडीच. बशीभर कलेजीने कसाबसा काठ गाठला होता! चार कॅप्सूलचा हिशेब आता तुम्हीच करा.

गोष्टीचा दुसरा धागा परळचा. 1928 साली ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स मुंबईत आल्या, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तपासू लागल्या. त्यांच्याही तांबड्या पेशी फुगलेल्या, अगदी पर्निशियस ॲनिमियासारख्या. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने त्या बऱ्या झाल्या. साध्या, कच्च्या यकृत-अर्कानेही झाल्या. पण पर्निशियस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला अर्क इथे पडला फिका. म्हणजे कलेजीत एक नाही, दोन वेगळी द्रव्यं होती. दुसरं निघालं फोलिक ॲसिड. पुढे 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

ही दोन जीवनसत्त्वं एकमेकांचं पाप झाकतात, आणि माझा सगळा जीव याच यंत्रणेत अडकलाय. फोलेटला हमाल समजा. एकेका कार्बनचं ओझं डोक्यावर घेऊन पेशीत धावायचं, हे त्याचं काम. डीएनएची एक वीट, थायमिडिन, या ओझ्याशिवाय बनत नाही. पण ओझं एकदा मिथाइल या रूपात डोक्यावर चढलं, की ते उतरवून घेणारा एकच: ब-12. तो नसेल तर शरीरातले हमाल भरल्या डोक्याने ताटकळत उभे. रक्तात फोलेट भरपूर दिसतं, कामाला मात्र एकही मोकळा नाही. डीएनए बनत नाही, अस्थिमज्जेतल्या पेशी फुगतात पण विभागत नाहीत. याला मिथाइल किंवा फोलेट सापळा म्हणतात.

आता वरून फोलिक ॲसिड द्या. हे दुसऱ्या दाराने आलेले रिकाम्या डोक्याचे हमाल. काम सुरू होतं, हिमोग्लोबिन चढतं, फुगलेल्या पेशी नीट होतात, एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, खाली येतो. रिपोर्ट बघून घरात पेढे. पण मज्जातंतूंना ब-12 इतर कामांसाठी हवं असतं: तंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टणाला लागणारं मिथाइल मिळवायचं, आणि मिथाइलमॅलोनिल नावाच्या एका आम्लाचा निचरा करायचा. ही कामं फोलेट करू शकत नाही. पायांना मुंग्या येत राहतात, तोल जाऊ लागतो, आणि काही नुकसान कायमचं राहतं. नवे हमालही शेवटी अडकतातच, पण तोवर वेळ गेलेला असतो.

आपल्याकडच्या लिव्हर एक्स्ट्रॅक्टच्या टॉनिकात लोह आणि फोलिक ॲसिडही घातलेलं असतं. ब-12 चं शोषण बिघडलेल्या माणसात त्यातलं फोलिक ॲसिड सहज आत जातं, ब-12 दारातच अडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ब-12 हळूहळू उतरतं. त्यांचे पाय बधिरले की सगळं शुगरच्या माथी मारलं जातं. पित्ताच्या रोजच्या गोळ्यांनीही अन्नातलं ब-12 नीट सुटत नाही.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. लोह थायरॉइडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला आणि डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सना आतड्यातच धरून ठेवतं. थायरॉक्सिन आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवं. नुसत्या कॅप्सूलमध्ये लोह थोडं, टॉनिकात जास्त. चहातलं टॅनिन टॉनिकातलं लोह अडवतं. फोलिक ॲसिडने फेनिटॉइन या आकडीवरच्या औषधाची रक्तातली पातळी उतरू शकते, म्हणजे आकडी बंद असलेल्याला पुन्हा येऊ शकते. शिवाय कलेजीत अ जीवनसत्त्व प्रचंड: 85 ग्रॅम बीफ कलेजीत साडेसहा हजार मायक्रोग्रॅम, प्रौढासाठी दिवसाची वरची मर्यादा 3,000. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्याने हे अजिबात घेऊ नये, कारण ते औषध अ जीवनसत्त्वाचंच भावंड. गरोदरपणात तर नकोच. "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य इथे महाग पडतं.

तपासण्यांत तीन फसव्या जागा. शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी जुनी ग्वायक चाचणी रक्तातल्या हीम या लोहयुक्त द्रव्याच्या रासायनिक करामतीवर चालते. हीम तुमचं की बोकडाचं, तिला कळत नाही. नवी फिट चाचणी माणसाच्याच हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन ओळखते, म्हणून ती फसत नाही. दुसरी जागा बायोटिनची. कलेजीत ते मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्याने काही बिघडत नाही. केसांसाठीच्या दहा-दहा हजार मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मात्र काही यंत्रांवर थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी दाखवतात. आणि तिसरी, ब-12 चा आकडा. पूरक घेऊन मग रक्त दिलं तर आकडा छान येतो, पेशींना ब-12 खरंच पुरतंय का ते मात्र कळत नाही. तेव्हा मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी कामी येते. निचरा तुंबला असेल तर ते वाढलेलं सापडतं. ती महाग आहे. त्यापेक्षा आधी रक्त देऊन मग डबा उघडणं स्वस्त.

बहिणीचं एसजीपीटी? सोनोग्राफी केली. फॅटी लिव्हर निघालं. आता ती संध्याकाळी चालायला जाते, आणि भाचा कॅप्सूल गिळून लिफ्टने वर येतो.