मशीन धडधाकट, मुदत संपली: सॉफ्टवेअरला तारीख चिकटली त्याची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० ला फुकट मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. दुकानातली बिलं निघत राहिली, टॅलीतल्या नोंदी होत राहिल्या. तरी त्याआधीचं वर्षभर आयटीवाल्यांची कोटेशनं फिरत होती: अमुक इतके पीसी बदलावे लागतील, अमुक इतके वाचतील, उरलेल्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला, मोटर जळली, तर खर्च का आला हे मालकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअर झिजत नाही. दहा वर्षांपूर्वी जी बेरीज ते बरोबर करत होतं, ती आजही बरोबर करतं. मग त्याला ही तारीख कुणी लावली?

गोष्ट सुरू होते ती सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नव्हती तिथून. १९६० च्या दशकात आयबीएमचं यंत्र भाड्याने किंवा विकत घेतलं की प्रोग्रॅम, शिकवणी, दुरुस्तीचा माणूस हे सगळं त्याच रकमेत यायचं. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा दावा ठोकला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने सॉफ्टवेअरचा काही भाग व सेवा वेगळ्या दराने विकण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकण्याजोगी वस्तू ठरली ती तिथून. पुढे १९७६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं: हार्डवेअरला पैसे मोजता, मग आमचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं सॉफ्टवेअर) मात्र एकमेकांकडून उतरवून का घेता? सूर तक्रारीचा होता, पण त्यात पुढच्या पन्नास वर्षांच्या धंद्याची मांडणी होती.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यासाठी एकाहून जास्त ऑपरेटिंग सिस्टिम विकायला ठेवल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टकडून आलेली डॉस ४० डॉलरला आणि तिची प्रतिस्पर्धी सीपीएम-८६ तब्बल २४० डॉलरला. गिऱ्हाइकाने काय उचललं हे सांगायला नको. मायक्रोसॉफ्टची खरी हुशारी मात्र दुसरीकडे होती. तीच डॉस इतर कंपन्यांना विकायचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला. मग पीसी बनवणाऱ्यांशी असे करार झाले की त्यावर डॉस टाका वा न टाका, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे. हा प्रकार १९९४ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत बंद झाला. तोवर पीसीसोबत विंडोज येणारच, हे जगाने गृहीत धरलं होतं.

आपल्याकडे ती 'येत' असे ती निराळ्या वाटेने. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेंबल केलेला पीसी, त्यावर ओळखीच्या मुलाने 'टाकून दिलेली' विंडोज. फॉरमॅट मारायचे दोनशे-तीनशे रुपये, त्यात ऑफिस आणि फोटोशॉप फुकट. हे चालत होतं तेव्हा कायदा झोपला नव्हता. १९९४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ६३-ब हे कलम आलं. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नॅसकॉम आणि बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनांच्या मोहिमा, छापे, वकिलाच्या नोटिसा यांमुळे 'ओरिजिनल' हा शब्द धंद्याच्या बोलीत आला. पण घेतलेली ओरिजिनल कुठल्या जातीची, हे बहुतेकांनी वाचलं नाही. पीसीबरोबर स्वस्तात मिळणारी ओईएम प्रत त्याच यंत्राला बांधलेली असते. ते यंत्र भंगारात गेलं की लायसन्सही गेलं. वेगळी घेतलेली रिटेल प्रत महाग पडते, पण दुसऱ्या यंत्रावर नेता येते. आपण हजार-दोन हजार वाचवले या समाधानात कित्येक कार्यालयांनी एकच विंडोज तीनदा विकत घेतली आहे.

तारखेचा प्रश्न इथवर आलेला नव्हता. तो आला २००१-०२ मध्ये, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण ते आहे. पीसी घरोघरी पोचले होते, नवी आवृत्ती घ्यायला गिऱ्हाईक पूर्वीसारखं धावत नव्हतं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने मोठ्या ग्राहकांसाठी परवान्यांची नवी रचना आणली. जुन्यावरून नव्यावर सवलतीत जाण्याची सोय काढून टाकली आणि तिच्या जागी वार्षिक वर्गणी ठेवली. डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरला लायसन्सच्या किमतीच्या २९ टक्के दरवर्षी, सर्व्हरला २५ टक्के. त्या बदल्यात मधल्या काळात निघेल ती नवी आवृत्ती मिळणार. ग्राहकांच्या ओरडीमुळे या बदलाची मुदत दोनदा पुढे ढकलून शेवटी ३१ जुलै २००२ ठरली. गंमत पुढे आहे. ज्यांनी तेव्हा तीन वर्षांची वर्गणी भरली त्यांची मुदत २००५ मध्ये संपली आणि विंडोज एक्सपीनंतरची आवृत्ती, व्हिस्टा, कंपन्यांच्या हाती आली नोव्हेंबर २००६ मध्ये. विंडोजपुरतं बोलायचं तर विम्याचा हप्ता भरला आणि पॉलिसी संपल्यावर आग लागली.

त्याच २००२ मध्ये कंपनीने कोणत्या उत्पादनाला किती वर्षे आधार, म्हणजे दुरुस्त्या, मिळतील याचं धोरण जाहीर केलं आणि २००४ मध्ये धंद्याच्या उत्पादनांसाठी ही मुदत किमान दहा वर्षे केली. तेव्हा हे सोयीचंच वाटलं, आणि खरं तर होतंही. आधी कळलं तर तजवीज करता येते. पण छापील तारीख हातात आल्यावर विक्रेत्याला नवा मालच काढावा लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

पहिली मोठी परीक्षा एक्सपीची. २००१ साली आलेल्या एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. ब्रिटिश सरकारने आणखी एका वर्षाच्या दुरुस्त्यांसाठी साडेपंचावन्न लाख पौंड मोजले, अमेरिकी नौदलाने २०१५ मध्ये एक्सपी आणि तिच्या जोडीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी ९१ लाख डॉलरचा करार केला. आपल्याकडे एक्सपी बसली होती ती एटीएमच्या पोटात. आधार संपून तीन वर्षे झाल्यावर, एप्रिल २०१७ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना याबद्दल चिंता कळवली. महिन्याभरात, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला आणि मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती फुकट सोडावी लागली. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. तरी एटीएम तशीच. शेवटी २१ जून २०१८ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने शाळेतल्यासारखं वेळापत्रकच घालून दिलं: सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के यंत्रं, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी. म्हणजे तारीख उलटल्यावर पाच वर्षे दोन महिने.

बँका आळशी होत्या असं म्हणून हात झटकता येतील. पण एटीएमवाल्यांची अडचण डीटीपीवाल्याला विचारा, तो लगेच ओळखेल. मराठी छपाईचा बराच मोठा काळ पेजमेकर आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांवर चालला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. फाँट युनिकोडपूर्व काळातले (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत), म्हणजे तीस वर्षांत जुळवलेली पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिकांचे मजकूर नव्या यंत्रावर उघडले की 'क' च्या जागी भलतंच चिन्ह. चोरी होऊ नये म्हणून सोबत डोंगल, म्हणजे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर न चालवणारी किल्ली, तोही मागच्या पंचवीस भोकांच्या पोर्टमध्ये बसणारा. नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नसतो. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही. विंडोजचं लायसन्स या माळेतला सगळ्यात स्वस्त मणी. तीच गत फॉक्सप्रो, क्लिपर या डॉसच्या काळातल्या साधनांमध्ये कुणा एका प्रोग्रॅमरने लिहून दिलेल्या आणि पतसंस्थांतून, दुकानांतून वर्षानुवर्षे चाललेल्या हिशेबांची. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे, आणि डॉसच्या काळातले १६ बिटी प्रोग्रॅम तिच्यावर थेट चालत नाहीत. लिहिणारा माणूस निवृत्त झालेला, त्याने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम (सोर्स कोड) कुणाकडे नाही.

दरम्यान लायसन्सचं रूपही पालटलं. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आलं, २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीने पुढच्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायचं जाहीर केलं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री बंद केली. मोजायची मापंही बदलली. विंडोज सर्व्हर २०१६ पासून प्रोसेसरऐवजी त्याच्या आतले कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, मोजतात, एका सर्व्हरला किमान सोळा. ऑरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सॉफ्टवेअरच्या नव्या वर्गणीसाठी माणसंच मोजायला घेतली. जावा वापरणारी नव्हेत, कंपनीतली सगळी, अर्धवेळ आणि हंगामी धरून. हजाराच्या आत माणसं असतील तर दरडोई महिना १५ डॉलर हा छापील दर. गेटवरचा चौकीदारही त्यात आला.

विंडोज १० कडे परत येऊ. २०१५ मध्ये ती आली तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट दिली होती. २०२१ च्या विंडोज ११ लाही वेगळे पैसे नाहीत. म्हणून 'अपग्रेड फुकट आहे' हे वाक्य खरं आहे. पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून बाजारात आलेला. त्याच वर्षी दिवाळीत ऑफिससाठी चांगला म्हणून घेतलेला सातव्या पिढीचा पीसी अधिकृतपणे बसत नाही.

न बसणाऱ्यांसाठी कंपनीने वाढीव दुरुस्त्या विकायला ठेवल्या. धंद्याच्या प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. पहिलं वर्ष चुकवून दुसऱ्या वर्षी आलात तर मागचेही भरायचे. घरगुती वापरासाठी एका वर्षाचे ३० डॉलर किंवा काही अटींवर फुकट. म्हणजे रक्कम ठरते ती यंत्र कुठे आहे यावरून. तीन वर्षांचे ४२७ डॉलर, ऑक्टोबर २०२५ च्या साधारण ८८ रुपयांच्या भावाने साडेसदतीस हजार. एवढ्यात साधा नवा पीसी येतो, आणि हा दर लावणाऱ्याला ते नक्की माहीत असणार. एक्सपी गेली तेव्हा डॉलर साठाच्या आसपास होता हेही लक्षात घ्या.

त्यावर जीएसटी १८ टक्के. दुकानदाराला, कारखानदाराला तो परत मिळवता येतो. रुग्णालय आणि शाळा यांची सेवा करमुक्त, त्यामुळे त्यांना खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे जिथे पैसा आधीच कमी, तिथे तेच सॉफ्टवेअर १८ टक्के महाग.

यातून सुटायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे जायचं ठरवलं, जवळपास पंधरा हजार संगणक हलवले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. केरळच्या सरकारी शाळा मात्र मुक्त सॉफ्टवेअरवर टिकल्या. तिथे शिक्षकांचं प्रशिक्षण आधी झालं होतं आणि वर्गात कुणाचा जुना डोंगल अडकलेला नव्हता.

एक तपशील मात्र कोटेशनमध्ये सहसा दिसत नाही. एटीएम, तपासणीची वैद्यकीय यंत्रं, कारखान्यातली नियंत्रण यंत्रं अशा उपकरणांसाठी विंडोज १० ची एक दीर्घ मुदतीची आवृत्ती विकली जाते. २०२१ च्या त्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत १३ जानेवारी २०३२ पर्यंत. शाखेच्या आत कारकुनाच्या टेबलावरची विंडोज १० जुनी झाली. बाहेर भिंतीतल्या यंत्रात तीच विंडोज १० असेल, तर ती २०३२ पर्यंत तरुण आहे.