डेकच्या खाचांत अडकलेला मळ

होडीचा डेक गुळगुळीत ठेवला, तर ओल्या पायांनी जाळे ओढणाऱ्या खलाशाला त्यावर तोल सांभाळणे अशक्य होईल. म्हणून फायबरच्या होडीचा डेक घडवताना साच्यातूनच त्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराची उठावदार नक्षी उतरवतात, किंवा नंतर बारीक वाळू मिसळलेला रंग देऊन तो खरखरीत करतात. पाय टेकला की तळव्याखालचे पाणी खाचांमध्ये ढकलले जाते आणि तळवा किंवा चपलेचे रबर उंचवट्यांच्या माथ्यांना थेट भिडते. त्यामुळे घर्षण टिकून राहते. मात्र जी खाच पाण्याला वाट देते, तीच मळाला आसराही देते. माशांचे रक्त, खवले, डिझेलची काजळी, ग्रीस आणि पक्ष्यांची विष्ठा यांनी खाचा बुजल्या, वर शेवाळाचा बुळबुळीत थर चढला, की पाण्याला निसटायला जागा उरत नाही आणि खरखरीत डेकसुद्धा घसरडा होतो. त्यामुळे डेक घासणे हे दिसण्यापेक्षा सुरक्षिततेचे काम अधिक आहे.

नळीने भरपूर पाणी मारले तरी हा मळ निघत नाही, याचे कारण द्रवगतिशास्त्रात आहे. वाहते पाणी ज्या पृष्ठभागाला टेकलेले असते, तिथे त्याचा वेग शून्य असतो आणि पृष्ठभागापासून दूर जावे तसा तो वाढत जातो. या संथ थराला सीमास्तर म्हणतात. खाचेच्या तळाशी बसलेले बारीक कण या थरातच दडलेले असल्यामुळे त्यांच्या डोक्यावरून पाणी कितीही जोरात गेले, तरी कणांना उचलून नेण्याइतका रेटा तिथवर पोहोचत नाही. त्यातच मळ तेलकट असेल, तर पाणी त्याला नीट भिजवूही शकत नाही.

इथे साबण लागतो. पण कोणता, हा प्रश्न समुद्रावर महत्त्वाचा ठरतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियमचा वाटा साधारण 1.3 ग्रॅम, तर कॅल्शियमचा 0.4 ग्रॅम असतो. हे दोन्ही धातू कपड्यांच्या साध्या साबणातील मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. म्हणजे खाऱ्या पाण्यात साबणाची वडी घेऊन डेक घासणारा माणूस खाचांमधला मळ काढण्याऐवजी त्यात भरच घालत असतो. भांडी घासण्याच्या द्रव साबणासारखे कृत्रिम अपमार्जक या बाबतीत बरेच सरस असतात, कारण त्यांचे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सहसा पाण्यात विरघळतात. शक्य असेल तर तेही गोड्या पाण्यातच वापरावेत.

यापुढची पायरी थांबण्याची आहे आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक तेलाकडे ओढ घेते, तर दुसरे पाण्याकडे. हे रेणू तेलाच्या थराखाली शिरून त्याचे बारीक थेंब सुटे करतात. पण या क्रियेला वेळ लागतो. द्रावण ओतून ते पाच-दहा मिनिटे तसेच राहू दिले, तर घासण्याची निम्मी मेहनत वाचते. मात्र भर उन्हात ते वाळले, तर त्याचाच नवा थर खाचेत बसतो. म्हणून हे काम सकाळी लवकर करावे आणि एका वेळी थोडाच भाग घ्यावा. ब्रशचे तंतू खाचेच्या तळापर्यंत पोहोचतील इतके बारीक व लवचीक हवेत आणि नक्षीच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना जात असल्याने हात गोलाकार फिरवावा. जाड, ताठ तंतू माथ्यांवरूनच सरकतात.

डागांचे रसायनशास्त्र मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. माशाच्या रक्तात प्रथिने असतात आणि गरम पाण्याने ती गोठून अधिकच चिकटतात, म्हणून रक्तावर आधी थंड पाणीच घालावे, तेही रक्त वाळण्यापूर्वी. नांगर, साखळी किंवा खिळ्यांमुळे पडलेले गंजाचे तांबूस डाग अपमार्जकाला दाद देत नाहीत. त्यांवर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण चालते, कारण ते लोहाच्या ऑक्साइडचे पाण्यात विरघळणारे संयुग बनवते. हे आम्ल विषारी असल्यामुळे हातमोजे आवश्यक आहेत. बुरशीवर वापरले जाणारे क्लोरीनयुक्त ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. एक वापरल्यावर डेक भरपूर पाण्याने धुऊन मगच दुसरे घ्यावे.

डाग हट्टी असला की तारेचा ब्रश हाती घेण्याचा मोह होतो, पण तो टाळलेलाच बरा. फायबरवरचा जेलकोट हा रंगीत राळेचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि कठीण घासणीने सर्वांत आधी झिजतात ते उंचवट्यांचे माथे, म्हणजे पकड देणारा नेमका भाग. शिवाय तारेचे तुटलेले तुकडे खाचेत राहून गंजतात आणि नवे डाग उमटवतात. वाळूमिश्रित रंगावर उच्च दाबाचा फवारा फार जवळून मारला, तर वाळूचे कणच निखळतात. सागवानी डेकचा नियम निराळा आहे: लाकडाचा मऊ भाग रेषांच्या दिशेने घासल्यास कोरला जातो, म्हणून तिथे मऊ ब्रश आडवा फिरवतात.

शेवटचे धुणे गोड्या पाण्याचे असावे. वाळलेल्या खाऱ्या पाण्यातील मॅग्नेशियमचे क्षार हवेतील दमटपणा शोषून डेक ओलसर ठेवतात. होडीच्या बाजूंना चकाकी देणारे मेण डेकच्या खरखरीत भागावर मात्र लावू नये, कारण त्याने माथे निसरडे होतात. काम नीट झाले की नाही, हे पाहायला उपकरण लागत नाही. पाणी ओतल्यावर ते सलग पातळ थराने पसरले, तर खाचा स्वच्छ आहेत; जिथे ते फाटून थेंब धरते, तिथे तेल किंवा मेण अजून शिल्लक आहे आणि तेवढाच भाग पुन्हा घासावा.