नबुखद्नेस्सर आणि बेलशस्सर: एकाला मुदत, दुसऱ्याला निकाल

बाबेलच्या (म्हणजे बॅबिलोनच्या) कुठल्या राजाने गवत खाल्लं आणि कुठल्या राजाच्या भिंतीवर बोटं उमटली, यात पुष्कळांची गल्लत होते. दोन्ही गोष्टी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात पाठोपाठ येतात, चौथ्या आणि पाचव्या अध्यायात. दोन्हींत राजा गर्विष्ठ, दरबारी ज्ञानी हात टेकतात आणि यरुशलेमभोवतालच्या यहूदा देशातून धरून आणलेला दानीएलच अर्थ उलगडतो. देव मात्र या दोघांशी सारखा वागत नाही.

नबुखद्नेस्सराला आधी स्वप्न पडतं. आभाळाला टेकलेलं झाड, खाली सावलीत जनावरं, फांद्यांवर पाखरं. स्वर्गातून उतरलेला पवित्र दूत ते तोडायला सांगतो, पण बुंधा मुळांसकट जमिनीत राहू द्या असंही बजावतो. माझ्या मते सगळी गोष्ट त्या बुंध्यात आहे. दानीएल नुसता अर्थ सांगून थांबत नाही, राजाला उपायही सुचवतो: पाप सोडा, गोरगरिबांवर दया करा. मग बारा महिने काहीच घडत नाही. इतकी मुदत मिळूनही राजा राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना म्हणतो, ही थोर बाबेल मीच उभारली ना! (उभारली होती खरी. त्याच्या नावाचा ठसा असलेल्या ढीगभर विटा उत्खननात निघाल्या आहेत.) शब्द तोंडात असतानाच राज्य जातं. तो बैलासारखा गवत खातो, दवात भिजतो, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात, नखं पाखरांच्या नख्यांसारखी. ठरलेला काळ सरल्यावर तो वर आकाशाकडे डोळे लावतो, भानावर येतो आणि सिंहासन परत मिळतं.

बेलशस्सराला ना स्वप्न, ना मुदत. हजार सरदारांची मेजवानी चालू आहे. यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सोन्याचांदीची पात्रं तो मागवतो, त्यांतून सगळे द्राक्षारस पितात आणि धातूच्या, लाकडाच्या, दगडाच्या देवांची स्तुती करतात. तेवढ्यात दिव्यासमोरच्या गिलाव्यावर माणसाच्या हाताची बोटं लिहू लागतात. राजाचे गुडघे एकमेकांवर आपटतात. लिहिलेल्याचा अर्थ असा: राज्याचे दिवस मोजून संपवले, तुला तोललं तर तू उणा भरलास, राज्य मेद आणि पारसी (इराणी) लोकांना दिलं. इथे दानीएल उपाय सांगत नाही. त्याच रात्री राजा मारला जातो.

पण मंदिर जाळलं कोणाच्या फौजेने? नबुखद्नेस्सराच्याच, इ.स.पू. 586च्या सुमारास. ती पात्रंही त्यानेच आणली. मंदिर उद्ध्वस्त करणाऱ्याला राज्य परत आणि पात्रांतून प्यायलेल्याला मरण, हे खटकतं. खटकायलाच हवं. उत्तर दानीएलाच्या बोलण्यात आहे. तो बेलशस्सराला आधीच्या राजाची कथा गवत आणि दवासकट ऐकवतो आणि म्हणतो, हे सगळं ठाऊक असूनही तू नमला नाहीस. दोष किती मोठा यापेक्षा राजाला काय ठाऊक होतं, यावर निवाडा ठरतो.

इतिहासातला बेलशस्सर बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस याचा मुलगा, जरी ग्रंथ नबुखद्नेस्सराला त्याचा बाप म्हणतो. नबोनिदस सुमारे दहा वर्षं अरबस्तानातल्या तेमा इथे होता आणि बाबेलचा कारभार मुलाकडे होता. भिंतीवरचं वाचण्याबद्दल बेलशस्सराने दानीएलाला राज्यातलं तिसरं स्थान का देऊ केलं, ते यावरून कळतं: पहिला बाप, दुसरा तो स्वतः. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या एका तुकड्यात नबोनिदसच तेमा इथे सात वर्षं आजारी आहे आणि एक यहूदी त्याला खऱ्या देवाकडे वळवतो. म्हणून चौथ्या अध्यायाची कथा मुळात त्याची असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

आजचं पुस्तक बहुतेक अभ्यासक इ.स.पू. दुसऱ्या शतकात ठेवतात. त्याच शतकात यहुद्यांवर राज्य करणाऱ्या अँटिओकस चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने यरुशलेमच्या मंदिरातली पात्रं पुन्हा लुटली. तेव्हाच्या यहुद्यांना पाचव्या अध्यायातला राजा कोण, हे वेगळं सांगावं लागलं नसेल.