शैक्षणिक कर्ज: बँकेत जाण्याआधी काय करून ठेवायचं

कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की आमच्या तासगावच्या सेवा केंद्रात दोन प्रकारचे पालक येतात. एकांच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला असतो, दुसऱ्यांना तो आज संध्याकाळपर्यंत हवा असतो. दुसऱ्यांचीच संख्या जास्त.

शैक्षणिक कर्जावर व्याजाची सवलत हवी असेल, तर या दाखल्याशिवाय पान हलत नाही. तो तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याचा अहवाल (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच), रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र जोडून 'आपले सरकार' या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करायचा. एका वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो. थोरल्या मुलीसाठी गेल्या वर्षी काढलेला यंदा धाकट्याला चालत नाही.

आता कर्ज. पीएम विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. तिच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण नको, जामीनदारही नको. सुरुवातीला यादीत 860 संस्था होत्या. एनआयआरएफ म्हणजे केंद्राच्या संस्था क्रमवारीवरून ती दरवर्षी बदलते, म्हणून आपलं कॉलेज सांगलीचं वालचंद असो, कराडचं शासकीय अभियांत्रिकी असो की पुण्यातलं एखादं, यंदाच्या यादीत नाव आहे का ते पीएम विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवर स्वतः बघा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश यात बसत नाही. आणि जामीनदार नको म्हणजे सहकर्जदार (कर्जात सोबत सही करणारा) नको असं नव्हे. आई किंवा वडिलांची सही लागतेच.

कॉलेज यादीत नसलं तरी हात हलवत परत यायचं कारण नाही. बँकांच्या नेहमीच्या योजनेत 7.5 लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. 4 लाखांपर्यंत पदरचा एक रुपयाही घालावा लागत नाही, त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी 5 टक्के स्वतःचे.

खरी गोम व्याजात आहे. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. समजा अभियांत्रिकीसाठी दरवर्षी सव्वा लाख उचलले आणि दर सोयीसाठी 10 टक्के धरला. पहिल्या वर्षीची रक्कम पाच वर्षं व्याज खाते, शेवटची दोन वर्षं. सरळव्याजाने बेरीज होते 1,75,000 रुपये. म्हणजे पहिला हप्ता सुरू होताना कर्ज 5 लाखांचं नाही, पावणेसात लाखांचं झालेलं असतं. पीएम विद्यालक्ष्मीत कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळात 3 टक्के व्याज सरकार भरतं. आपल्या उदाहरणात ते 52,500 होतात. उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर या काळातलं सगळंच व्याज माफ.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सरकारची दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्याला ही 3 टक्क्यांची सवलत मिळत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी शिक्षण फी सुटते. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण शिक्षण फी माफ आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. फी वर्षाला लाखभर असेल तर मुलाचेही चार वर्षांत 2 लाख वाचतात. 52,500 साठी ते सोडणं मला तरी पटत नाही. आधी शिष्यवृत्ती, मग उरलेल्या खर्चापुरतं कर्ज, असं मी सांगतो.

कागदांत दहावी-बारावीची गुणपत्रकं, सीईटीचा निकाल, कॅपचं अलॉटमेंट लेटर, प्रवेशाची पावती, दोघांचं आधार आणि पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. वडील नोकरीत असतील तर पगारपत्रक, शेतकरी असतील तर सातबारा आणि आठ-अ. नावं सगळीकडे सारखी आहेत का हे आजच बघा. गेल्या वर्षी एका मुलाच्या वडिलांचं नाव आधारवर 'दत्तात्रय' आणि पॅनवर 'दत्तू' होतं. त्या दत्तूने तीन आठवडे खाल्ले.

कॉलेजच्या फी-पत्राकडे विशेष लक्ष द्या. त्यात फक्त शिक्षण फी लिहिली असेल तर बँक तेवढीच धरते. वसतिगृह, मेस, परीक्षा फी, पुस्तकं, लॅपटॉप यांनाही कर्ज मिळतं, पण ते चारही वर्षांच्या तक्त्यात, कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी दिसायला हवं. जतहून पुण्याला जाणाऱ्या पोराचा निम्मा खर्च राहण्या-जेवणाचाच असतो.

बँकेने अर्ज साधारण 15 ते 30 दिवसांत निकाली काढायचा असतो. कॉलेज फीसाठी चार-पाच दिवस देतं. मधल्या फटीत लोक सोनं गहाण ठेवतात किंवा सावकाराकडे जातात. ही फट कोणत्याच योजनेत बुजवलेली नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. म्हणून अलॉटमेंट लेटर हातात पडताच त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज करा आणि अर्जाची पोचपावती जोडून कॉलेजला फीसाठी लेखी मुदत मागा. बरीच कॉलेजं देतात.

'तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही, रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच तसं कळवलं आहे. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असेल तर वडिलांचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरचा स्कोअर) आडवा येतो, तेव्हा आईला सहकर्जदार करता येईल का ते विचारा. नकार तोंडी घेऊ नका. वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय शाखेने अर्ज फेटाळायचा नसतो, त्यामुळे कारण लेखी मागितलं की पुष्कळदा फाईल पुन्हा उघडते. नाही उघडली तर जिल्हा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांकडे जा. सांगलीत ती बँक ऑफ इंडिया, साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. त्यासाठी पहिल्या तक्रारीची तारीख असलेली पोच लागते, ती जपून ठेवा.