शंभर मोडतील, पन्नास नाही

तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार. ड्रेसिंग रूममध्ये बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन बसलाय, हातात कागद, कागदावर हाताने लिहिलेलं ‘१००’. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, ‘कधीच न मोडणाऱ्या विक्रमां’ची यादी कोणीही करो, वर हा फोटो असतोच. आणि मजकुराच्या शेवटी एक शेपूट: ‘त्याच हंगामात त्याची सरासरी होती ५०.४.’

माझं भांडण या शेपटावरून आहे. एका सामन्यातले १०० पॉइंट आणि हंगामाची सामन्यामागे ५०.४ पॉइंटची सरासरी हे दोन वेगळ्या जातीचे विक्रम आहेत, आणि लोक त्यांची सर्रास एकच मोट बांधतात. शंभर केले म्हणून सरासरी फुगली, असंही ऐकलंय. हिशोब करून बघा. त्या हंगामात ८० सामन्यांत ४,०२९ पॉइंट. त्यातून तो शंभरवाला सामना काढून टाका. उरलेल्या ७९ सामन्यांची सरासरी येते ४९.७. म्हणजे शेपूट कोण आणि हत्ती कोण, तुम्हीच ठरवा.

शंभरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी हे चॉकलेटचं गाव, फिलाडेल्फिया वॉरियर्स १६९, न्यूयॉर्क निक्स १४७. विल्टचे ६३ पैकी ३६ शॉट आत गेले आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक, एकेका पॉइंटची). यातलं खरं नवल फ्री थ्रोचं, कारण आयुष्यभर या माणसाचे जवळजवळ निम्मे फ्री थ्रो हुकले. शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी चौथ्या) तर तमाशाच झाला. विल्टच्या हातात चेंडू जाऊ नये म्हणून निक्स त्याच्या साथीदारांना फाउल करत होते, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्स निक्सला. सामन्याचं चित्रीकरण नाही. म्हणून हा सामना झालाच नाही म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

हा विक्रम मोडेल का? अवघड आहे, पण वाट बंद नाही. ५ डिसेंबर २०१६ ला क्ले थॉम्पसनने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० पॉइंट केले, आणि तेवढ्यासाठी चेंडू जमिनीवर आपटला जेमतेम अकरा वेळा. चौथ्या क्वार्टरमध्ये कोचने त्याला बसवून ठेवलं. मिनिटाला २.०७ पॉइंट झाले. विल्टने हर्शीत पूर्ण ४८ मिनिटं खेळून मिनिटाला २.०८ केले होते. वेग तोच! कोबी ब्रायंटनेही २० डिसेंबर २००५ ला डॅलसविरुद्ध तीन क्वार्टरमध्ये ६२ केले, तेव्हा अख्ख्या डॅलसचे मिळून ६१ होते. चौथ्या क्वार्टरला तोही बाकावर. महिनाभराने टोरांटोविरुद्ध तो ४२ मिनिटं खेळला आणि ८१ झाले. थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेला तीन पॉइंटचा शॉट, एनबीएत आला १९७९ मध्ये, विल्टच्या वेळी तो नव्हताच. तेव्हा एखाद्या रात्री कोणाचा तरी हात भन्नाट चालेल, कोच त्याला बसवणार नाही, समोरचा संघही हट्टाला पेटून सामना सोडणार नाही, आणि आकडा तीन अंकी होईल. एकच रात्र पुरे.

क्रिकेटवाल्यांसाठी एका ओळीत: लाराचे ४०० आणि ब्रॅडमनची ९९.९४. पहिला विक्रम दोन-तीन दिवसांचा, दुसरा अख्ख्या कारकिर्दीचा.

आता सरासरीकडे. इथे पाय घसरतो तो असा: ५०.४ हा पॉइंट करण्याचा विक्रम वाटतो. तो मिनिटांचा विक्रम आहे.

विल्ट त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. एनबीएचा सामनाच ४८ मिनिटांचा असतो. हा आकडा दाखवला की दर वेळी कोणीतरी ‘छापताना चूक झाली असेल’ म्हणतं. चूक नाही. काही सामने ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेत) गेले आणि ओव्हरटाइमलाही हा मैदानातच होता. कोच फ्रँक मॅग्वायर त्याला बसवतच नसे. ४८.५ मिनिटांत ५०.४ पॉइंट, म्हणजे मिनिटाला १.०४.

हे १.०४ जरा बाजूला ठेवा. २०१८-१९ मध्ये जेम्स हार्डनची सरासरी ३६.१ पॉइंट होती, ३६.८ मिनिटांत. मिनिटाला ०.९८. २०२३-२४ मध्ये जोएल एम्बीड दुखापतीमुळे ३९ सामनेच खेळला, पण ३३.६ मिनिटांत ३४.७ करत होता. मिनिटाला १.०३! म्हणजे मिनिटाच्या हिशोबात विल्टला गाठणारा माणूस आपण आत्ताच, डोळ्यांदेखत पाहिलाय. कमी पडला तो मिनिटांत. सामन्यामागे पंधरा मिनिटांचा फरक आहे, आणि ही पंधरा मिनिटं आज कोणताही कोच कोणालाही देणार नाही. मोठे खेळाडू ३५-३७ मिनिटांवर उतरवले जातात, लागोपाठच्या दोन रात्रींत सामने असतील तर एखाद्याला सरळ सुट्टी. सुट्ट्या इतक्या वाढल्या की २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घालावी लागली. अशा लीगमध्ये कोणी ३७ मिनिटांत ५०.४ ची सरासरी काढायची म्हटली तर मिनिटाला १.३६ लागतात, म्हणजे एम्बीडच्या त्या वेगापेक्षा जवळपास एक तृतीयांश जास्त, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. मायकेल जॉर्डनचा सगळ्यात मोठा हंगाम ३७.१ चा होता. जॉर्डनचा!

इथे कोणीतरी ऑस्कर रॉबर्टसन काढतोच. त्याच १९६१-६२ च्या हंगामात त्याने ट्रिपल-डबलची (पॉइंट, रिबाउंड आणि असिस्ट अशा तिन्हींत दहा किंवा जास्त) सरासरी ठेवली, तीही ‘अशक्य’ म्हणायचे, आणि २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रूकने ते केलं की. केलं, पण नीट बघा. ट्रिपल-डबल ही दहाची रेघ आहे, ती ओलांडली की झालं. रॉबर्टसनचे रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) होते १२.५, वेस्टब्रूकचे १०.७. रेघ ओलांडता येते, ५०.४ ला अशी सोयीची रेघ नाही. (कारकिर्दीतल्या एकूण पॉइंटांचा विक्रम हा तिसराच प्रकार. करीम अब्दुल-जब्बारचे ३८,३८७ लेब्रॉन जेम्सने २०२३ मध्ये ओलांडले. लांब टिकलात की तेही जमतं.)

‘तेव्हा खेळच वेगवान होता, शॉट जास्त मिळायचे’ हे खरं आहे. विल्ट सामन्यामागे सुमारे ४० शॉट घ्यायचा, आज तेवढे अख्ख्या संघाच्या निम्म्याच्या आसपास भरतील. पण हे कारण लोक शंभरच्या विक्रमाला चिकटवतात, सरासरीला नाही. उलट हवं. एका रात्री ६० शॉट घेणं आजही जमेल, कोबीने कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात ५० घेतलेच होते. ऐंशी रात्री ४० घ्यायला कोणता संघ देईल?

त्या हंगामाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) विल्ट नव्हता, हे जाता जाता. मतदान तेव्हा खेळाडूच करायचे आणि त्यांनी बिल रसेलला निवडलं.

मिनिटांची बेरीज मात्र मला सगळ्यात आवडते. ऐंशी सामन्यांत विल्ट ३,८८२ मिनिटं खेळला. ओव्हरटाइम धरून वॉरियर्सची एकूण मिनिटं होती ३,८९०. राहिली आठ. ती आठही तो दमला म्हणून नाही, टेक्निकल फाउलवर (गैरवर्तनाबद्दलच्या फाउलवर) पंचांनी बाहेर काढला म्हणून.