दुसरीच्या अंगावरचं दूध

"मी बाळंतरोगानं अंथरुणाला खिळले, तेव्हा तुझ्या बापाला सहा महिने थोरल्या जाऊबाईंनी पाजलं," असं माझी आजी पंचवटीतल्या वाड्यात अगदी सहज सांगायची. वडील त्या काकूंना शेवटपर्यंत 'मोठी आई' म्हणत. आईचं अंगावरचं दूध आटलं की घरातली दुसरी ओली बाळंतीण बाळाला जवळ घेई. राजघराण्यातही हेच. सईबाई आजारी होत्या म्हणून १६५७ साली जन्मलेल्या संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊंनी पाजलं.

गेल्या हिवाळ्यात नाशिकमध्येच माझ्या भाचीला सातव्या महिन्यात मुलगी झाली, वजन तेराशे ग्रॅम. लेकरू काचेच्या पेटीत, सलाईनवर. भाचीला पान्हा फुटेना. निफाडहून आलेली तिची जाऊ, कडेवर स्वतःचं चार महिन्यांचं बाळ, म्हणाली, "वाटीत काढून देते की मी." भाची म्हणाली, "नको हो ताई." घरच्यांना हा नखरा वाटला. मला तो वाटला नाही.

रात्री तिनं मन मोकळं केलं. ताईंच्या बाळाला कमी पडलं तर? माझ्या मुलीला त्यांचीच ओढ लागली तर? आणि दुधातून काही आजार आला तर?

पहिल्या भीतीला शरीरशास्त्राकडे चांगलं उत्तर आहे. स्तन म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. दूध साचून राहिलं की नवं बनणं मंदावतं, रिकामं होत गेलं की वाढतं. म्हणून तर जुळ्यांची आई दोघांना पुरते. ओढ लागते ती वासाची, आवाजाची, उराशी घेण्याची. नळीतून पोटात गेलेल्या दुधानं आई बदलत नाही. पण नात्याचा प्रश्न सगळ्यांना सारखा नसतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात कितीतरी मुस्लिम घरांत, एका बाईचं दूध प्यायलेली मुलं दूधभावंडं ठरतात, त्यांचं आपसांत लग्न होत नाही. अशा आईनं 'हे दूध कुणाचं?' असं विचारलं, तर तिला नाव सांगायला हवं.

तिसरी भीती मात्र पूर्ण खरी. एचआयव्ही दुधातून जाऊ शकतो, आणि बाई दिसायला ठणठणीत असते. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू तर बहुतेकांना नकळत होऊन गेलेला असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो सहसा त्रास देत नाही, तेराशे ग्रॅमच्या बाळाला गंभीर आजारी पाडू शकतो. आजीच्या काळी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दूधपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय, हीच भीती दूर करते. दात्या आईचं रक्त तपासतात, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात, जंतू उरले नाहीत ना ते पाहतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. तापवताना काही प्रतिपिंडं नष्ट होतात हे खरं. पण दुधातल्या खास शर्करा टिकतात. त्या बाळाला पचत नाहीत. आतड्यातले चांगले जिवाणू त्यांवर वाढतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी सडण्याचा एक जीवघेणा आजार असतो, त्याचा धोका पावडरच्या दुधापेक्षा पेढीच्या दुधावर कमी राहतो. म्हणून आईचं दूध नसेल तेव्हा या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना पेढीचंच दूध सुचवते. आणि हे दूध दान असतं, विकायचं नसतं.

जावेचं न तपासलेलं दूध डॉक्टरांनीही नकोच म्हटलं. भाचीला मात्र दर दोन-तीन तासांनी पंप लावायला सांगितलं, थेंबही आला नाही तरी. जाऊ रात्रभर शेजारी बसून तिची पाठ चोळत होती. चौथ्या पहाटे बाटलीच्या तळाशी पिवळा चीक जमला, जेमतेम दोन मिली. सिस्टरनं तो सिरिंजमध्ये ओढला आणि काचेला चिकटून राहिलेल्या थेंबासाठी बाटली पुन्हा तिरकी केली.