म्हाडाच्या सोडतीचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणे

महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे म्हाडा, आपल्या विभागीय मंडळांमार्फत सदनिकांची सोडत काढते आणि त्यांतील अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांची घरे ‘ना नफा, ना तोटा’ या तत्त्वावर विकली जातात, असे तिचे घोषित धोरण आहे. बाजारभावाशी तुलना करता ही घरे स्वस्त पडतात, त्यामुळे अर्जांची रीघ लागते. मुंबई मंडळाच्या २०२३च्या सोडतीत ४,०८२ सदनिकांसाठी सुमारे एक लाख वीस हजार अर्ज होते आणि २०२४मध्ये २,०३० सदनिकांसाठी सुमारे एक लाख तेरा हजार. एवढ्या गर्दीत नशिबाचा भाग मोठा आहे हे खरे. परंतु दरवर्षी हजारो लोक नशिबाची परीक्षा होण्यापूर्वीच बाहेर पडतात आणि त्यांतील बहुतेकांना आपण नेमके कुठे अडलो हे शेवटपर्यंत समजत नाही. ही माहिती प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट प्रक्रियेच्या क्रमाविषयी. पूर्वी आधी सोडत निघत असे, मग विजेत्यांची कागदपत्रे तपासली जात आणि ती छाननी महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही अधिक काळ रेंगाळत असे. २०२३पासून नवी संगणकीय प्रणाली आली आणि हा क्रम उलटा झाला. आता अर्जदाराने एकदाच कायमस्वरूपी नोंदणी करायची, कागदपत्रे त्याच वेळी चढवायची, ती तपासून झाल्यावर पात्र ठरायचे आणि त्यानंतरच एखाद्या योजनेसाठी अनामत रक्कम भरून अर्ज करायचा, अशी व्यवस्था आहे. व्यवस्था चांगली आहे यात शंका नाही. तथापि तिचा अर्थ पुष्कळांनी लक्षात घेतलेला नाही. वर्तमानपत्रात जाहिरात आली की मग कागद जमवायला लागायचे, ही जुनी सवय आता महागात पडते, कारण जाहिरात आणि अर्जाची अंतिम मुदत यांमध्ये जो काही थोडा अवधी मिळतो त्यात तहसील कार्यालयातून एक दाखला निघाला तरी मिळवले. नोंदणीसाठी जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. ती आजच करता येते आणि आजच करावी.

नोंदणीच्या नेहमीच्या पायऱ्या सोप्या आहेत. अर्जदाराचे वय अठरा वर्षे पूर्ण असावे, आधार आणि पॅन असावे, आधारला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू असावा, स्वतःच्या नावाचे बचत खाते असावे. विवाहित असल्यास पती किंवा पत्नीचेही आधार व पॅन लागते. घर सांभाळणाऱ्या पत्नीने पॅन कार्ड काढलेलेच नसते ही अडचण अनेक घरांत ऐन वेळी उघडकीस येते, म्हणून ते आधी काढून घ्यावे. दोन्ही ओळखपत्रांवरील नाव अक्षरशः एकच असावे. आधारवर सासरचे आडनाव आणि पॅनवर माहेरचे, अशी स्थिती असेल तर दुरुस्ती आधी, नोंदणी नंतर.

खरी अडचण अधिवास प्रमाणपत्रापाशी सुरू होते. महाराष्ट्रात सलग पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा हा दाखला आहे आणि तो जवळजवळ प्रत्येकाला ‘आपल्याकडे आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात घरातल्या फायलीत निघतो तो कॉलेजप्रवेशाच्या वेळी काढलेला, हाताने भरलेला, गोल शिक्क्याचा जुना कागद. जाहिरातीत नमूद केलेल्या तारखेनंतर दिलेले आणि बारकोड असलेलेच प्रमाणपत्र प्रणाली स्वीकारते, कारण त्याची पडताळणी संगणकावरून होते. जुना दाखला खोटा नसतो. तो पडताळता येत नाही, एवढेच. अर्जदाराला मात्र ‘अपात्र’ एवढाच शेरा दिसतो आणि मी याच मातीत जन्मलो, मग अपात्र कसा, असा संताप होतो. संताप रास्त असला तरी उपाय एकच आहे : ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून नवे प्रमाणपत्र काढणे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, शिधापत्रिका, वीज देयके अशा पुराव्यांची साखळी पंधरा वर्षे भरून काढावी लागते. भाड्याच्या घरांतून फिरलेल्या कुटुंबांकडे नेमकी हीच साखळी तुटलेली असते. स्वस्त घराची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याकडेच वास्तव्याचा पुरावा सर्वांत कमी, ही या नियमातील विसंगती कोणाच्या नजरेला येऊ नये याचे आश्चर्य वाटते. गोव्याकडून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावे की येथे भाषा नव्हे, वास्तव्याची वर्षे मोजली जातात. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. खिडकीवर मुकाट्याने परत जाण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, असा अनुभव आहे.

दुसरे ठिकाण उत्पन्नाचे. २०२२मध्ये शासनाने मर्यादा बदलल्या. मुंबई महानगर प्रदेश, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या नागरी क्षेत्रांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट धरला जातो. उर्वरित महाराष्ट्रात पहिल्या दोन मर्यादा साडेचार व साडेसात लाख आहेत. येथे ‘कुटुंब’ म्हणजे अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा पती. आईवडिलांचे निवृत्तिवेतन किंवा भावाचा पगार यात धरला जात नाही, आणि याउलट पत्नीचे शिकवण्यांचे किंवा विमा एजन्सीचे उत्पन्न ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडता येत नाही. पतीचे पाच लाख सत्तर हजार आणि पत्नीच्या विवरणपत्रातील पंचेचाळीस हजार मिळून सहा लाख पंधरा हजार होतात, आणि अत्यल्प गटातील अर्ज तिथेच संपतो. आपल्या उत्पन्नापेक्षा वरच्या गटात अर्ज करण्याची मुभा किती आहे ते प्रत्येक जाहिरातीत दिलेले असते; खालच्या गटात कधीही अर्ज करू नये.

पुरावा म्हणून आयकर विवरणपत्राची पोचपावती किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. कंपनीचे वेतनपत्र किंवा फॉर्म १६ जोडून निर्धास्त राहणारे लोक पुष्कळ आहेत. त्यावर विसंबू नये. शिवाय वर्षाचा घोटाळा होतो. जाहिरातीत १ एप्रिल ते ३१ मार्च असा आर्थिक वर्षाचा कालावधी दिलेला असतो, तर पोचपावतीवर ठळक अक्षरांत छापलेले असते ते करनिर्धारण वर्ष, जे आर्थिक वर्षाच्या एक पाऊल पुढे असते. २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे उत्पन्न २०२४-२५ या करनिर्धारण वर्षाच्या पोचपावतीत असते. ‘२०२३-२४’ हे आकडे पाहून एक वर्ष आधीची पावती चढवणारे अर्जदार इतके आहेत की अर्जाच्या पानावर हे उदाहरण ठळकपणे छापणे सहज शक्य होते; ते कोणाला सुचलेले दिसत नाही. तहसीलदाराच्या दाखल्यावरही नेमके तेच आर्थिक वर्ष नमूद आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी वाचून घ्यावे. पती-पत्नींपैकी एकाची पोचपावती आणि दुसऱ्याचा काहीच पुरावा नाही, असा अर्जही अडतो. ज्याला उत्पन्न नाही त्याने प्रणालीत तसे नोंदवणे आवश्यक असते, रकाना रिकामा ठेवणे नव्हे.

विभक्त राहणाऱ्या आणि घटस्फोटित अर्जदारांची परवड याहून मोठी आहे. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत लागते. केवळ वेगळे राहणे, समाजाच्या बैठकीत झालेला काडीमोड किंवा नोटरीकडचा करार यांना येथे अर्थ नाही. दाव्याचा निकाल लागलेला नसेल तर प्रणालीच्या दृष्टीने तुम्ही विवाहितच असता, आणि संबंध तुटलेल्या जोडीदाराचे पॅन व उत्पन्न मिळवण्याची वेळ येते. अशा महिलांनी नोंदणीच्या टप्प्यावरच मंडळाच्या कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करून ठेवावा आणि पोच घ्यावी. तोंडी मिळालेला दिलासा छाननीच्या वेळी कामाला येत नाही.

आरक्षित प्रवर्गांविषयी थोडक्यात. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के सदनिका राखीव असतात. त्याखेरीज विमुक्त व भटक्या जमाती, पत्रकार, कलाकार, स्वातंत्र्यसैनिक, माजी सैनिक, दिव्यांग, शासकीय कर्मचारी असे अनेक प्रवर्ग आहेत. जातीचे प्रमाणपत्र महाराष्ट्रातील सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेले असावे लागते, परराज्यातील चालत नाही. विवाहित महिलेची जात वडिलांकडून ठरते, त्यामुळे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत नसेल तर दोन्ही कागद खरे असूनही अर्ज एका व्यक्तीचा ठरत नाही. प्रवर्गाचा दाखला हाती नसताना ‘नंतर देऊ’ म्हणून आरक्षित प्रवर्ग निवडू नये.

स्वतःचे घर नसावे, ही अट जेवढी सरळ वाटते तेवढी नाही. म्हाडाच्या सर्वसाधारण योजनांत अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुले यांच्या नावे संबंधित महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीत मालकीचे घर वा भूखंड नसावा, एवढेच पाहिले जाते. म्हणजे मुंबईच्या सोडतीसाठी साताऱ्यातील घर आड येत नाही. परंतु त्याच जाहिरातीत प्रधानमंत्री आवास योजनेतील सदनिका असतील तर त्यांना वेगळी अट लागू होते : पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांच्या नावे भारतात कुठेही पक्के घर नसावे. वडिलांच्या पश्चात गावच्या घराला भावांची नावे लागतात, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, आपलेही नाव चढलेले असते, आणि मुंबईत पंचवीस वर्षे भाड्याने राहणाऱ्या माणसाला आपण ‘घरमालक’ आहोत याचा पत्ता नसतो. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान मिळते म्हणून लोक त्या संकेत क्रमांकाकडे, म्हणजे जाहिरातीत त्या योजनेला दिलेल्या क्रमांकाकडे, वळतात. वळण्यापूर्वी गावचा उतारा काढून पाहावा, कारण खोटे प्रतिज्ञापत्र पुढे उघड झाले तर वाटप रद्द होते आणि प्रकरण तेवढ्यावर थांबेलच असे नाही.

संकेत क्रमांक निवडताना आणखी एक भेद लक्षात घ्यावा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील खासगी प्रकल्पांतून वीस टक्के घरे अत्यल्प व अल्प गटांसाठी मिळतात आणि ठाणे, कल्याण, वसई, पुणे या बाजूंच्या सोडतींत ती मोठ्या प्रमाणावर असतात. येथे म्हाडा सोडत काढून विजेता ठरवून देते. करार आणि रकमेचा व्यवहार विकासकाशी करावा लागतो. सदनिकेच्या किमतीपलीकडे विकासक कोणकोणती आकारणी करतो याची चौकशी अर्जापूर्वी प्रकल्पस्थळी जाऊन करावी.

अनामत रक्कम मुंबईच्या २०२३ व २०२४च्या सोडतींत अत्यल्प गटासाठी २५ हजार, अल्प गटासाठी ५० हजार, मध्यम गटासाठी एक लाख आणि उच्च गटासाठी दीड लाख रुपये होती. अर्जशुल्क तेव्हा वस्तू व सेवा करासह ५९० रुपये होते. अनामत परत मिळते, अर्जशुल्क मिळत नाही. ‘शेवटची तारीख’ म्हणून लोक जी लक्षात ठेवतात ती बहुधा ऑनलाइन अर्ज भरण्याची असते. अनामत भरण्याची मुदत वेगळी, आणि बँकेतून आरटीजीएस किंवा एनईएफटीने भरण्याची मुदत तर बँकेच्या कामकाजाच्या वेळेला बांधलेली. अर्ज भरला, चलन काढले आणि बँकेत दुसऱ्या दिवशी गेले, तर तो अर्ज सोडतीत नसतो. त्यानंतर स्वीकारलेल्या अर्जांची प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागते, हरकतींसाठी अगदी थोडे दिवस मिळतात आणि मग अंतिम यादी येते. प्रारूप यादी न पाहणे ही सर्वांत सहज टाळता येण्याजोगी चूक आहे, कारण नाव नसल्याचे कळवण्याची तीच एक संधी असते.

सोडतीत नाव लागल्यावर प्रथम सूचना पत्र येते आणि घर हवे असल्याची स्वीकृती ऑनलाइन नोंदवावी लागते. मुदतीत उत्तर न देणे हा नकार समजला जातो. पुढे तात्पुरते देकार पत्र (ऑफर लेटर) मिळते, त्यानुसार किमतीचे २५ टक्के पहिल्या टप्प्यात आणि ७५ टक्के दुसऱ्या टप्प्यात भरायचे असतात. गृहकर्जासाठी म्हाडाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळते. पण सहा लाखांच्या आतील उत्पन्नावर बँक किती कर्ज देईल आणि पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून कसा उभा राहील, याचा हिशेब अर्जाआधीच मांडावा लागतो. २०२३मध्ये ताडदेवच्या काही सदनिकांची किंमत साडेसात कोटींहून अधिक होती; ते टोकाचे उदाहरण सोडले, तरी अत्यल्प गटातील विजेते हप्त्याअभावी घर परत करतात ही वस्तुस्थिती आहे. मुद्रांक शुल्क मुंबईत सहा टक्के, महिलेच्या नावे खरेदी असल्यास एक टक्का कमी, आणि नोंदणी शुल्क कमाल तीस हजार रुपये, हे त्या हिशेबात धरावे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे घर विकता येत नाही.

या सगळ्या वाटेत म्हाडाने एकही दलाल, सल्लागार किंवा मालमत्ता प्रतिनिधी नेमलेला नाही आणि प्राधिकरण प्रत्येक जाहिरातीत हे बजावते. ‘साहेबांच्या कोट्यातून’ घर देणारा माणूस तरीही दरवर्षी कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे पैसे घेऊन जातो. नोंदणी केवळ अधिकृत संकेतस्थळावर करावी, त्याच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, आणि रक्कम कोणत्याही व्यक्तीच्या खात्यात भरू नये. वारंवार अपयश येऊन थकलेल्यांनी शहरापासून दूरच्या ठिकाणच्या, न विकल्या गेलेल्या सदनिकांच्या ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ योजनेकडेही पाहावे. तेथे सोडत नसते आणि अनेक अटी शिथिल असतात. घर आधी जाऊन पाहता येते, आणि लोकलचे अंतर परवडते का याचा निर्णय त्याच फेरीत घेता येतो.